तिजोरीचा पैसा आणि हातातले कसब



सरकारने उद्योगधंद्याला पैसा द्यावा की देऊ नये, हा वाद आता जुना झाला. सरकार पैसा देते, पुढेही देणार, आणि द्यावा असेच आमचे मत आहे. विचार करण्यासारखा प्रश्न निराळा आहे. तिजोरीतून निघालेला पैसा अखेर कोणाच्या दारी जाऊन थांबतो, हा तो प्रश्न होय.

अशा पैशाच्या तीन वाटा असतात. पहिली धंद्याकडे जाते: कारखान्याला जमीन, कर्ज, करात सूट. दुसरी कामगाराच्या शिक्षणाकडे जाते. तिसरी शहराकडे जाते: रस्ते, चाळी, मोडकळीस आलेल्या वस्तीची नवी उभारणी. या तिन्ही वाटा ज्या एकाच वस्तीतून गेल्या आणि ज्यांचा शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब आज आपल्यापुढे उघडा आहे, अशी वस्ती म्हणजे मुंबईचे गिरणगाव. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी तेथे पाळ्या केल्या असतील आणि तेथून आलेल्या मनीऑर्डरीवर येथली घरे शाकारली गेली असतील. म्हणून गिरणगावचा इतिहास हा आपल्याही घरचा इतिहास आहे.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. रात्रशाळा, सार्वजनिक वाचनालय आणि युनियनची कचेरी याच आमच्या शाळा. तेथे जे वाचले आणि जे पाहिले, त्याच्या आधारे हा हिशेब मांडीत आहोत.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापली आणि ती ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. शतक संपता संपता गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. हा धंदा देशी भांडवलावर वाढला. त्या काळच्या सरकारने त्याला हात देणे दूरच राहिले. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी १८९६ साली येथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला. तो कर १९२५ च्या अखेरीपर्यंत चालू होता.

पैसा मालकाचा; मग कसब कोणाचे? कोकणातून आणि घाटावरून आलेला पोरगा गिरणीत शिरे तो भावकीतल्या नाहीतर गाववाल्या माणसाच्या ओळखीने. त्याच्या साच्याशेजारी उभे राहायचे, तुटलेला धागा जोडायला शिकायचे, धोटा बदलायला शिकायचे, आणि हे पुष्कळदा पगाराविना. पुढे जॉबरची मर्जी झाली आणि त्याची दस्तुरी पोहोचली म्हणजे बदलीवर काम मिळे. कोणता साचा कधी रुसतो, पावसाळी हवेत सूत कसे वागते, हे ज्ञान माणसाकडून माणसाकडे असे गेले. त्याचा खर्च ना मालकाने केला ना सरकारने. तो कामगाराने आपल्या उपाशी दिवसांनी भागविला. आणि त्याची नोंद कोठेही झाली नाही. या नोंदीचा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा; आमचे पुढचे सारे विवेचन त्याच्याभोवती आहे.

शिक्षणाची सोय अगदीच झाली नाही असे नव्हे. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तीच पुढे १९२३ साली माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. गिरणीमालकांच्या देणग्या व सरकारी अनुदान यांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेने देशाला नामांकित तंत्रज्ञ दिले. पण तेथून बाहेर पडे तो गिरणीचा मास्तर, इंजिनिअर, मॅनेजर. साचेवाल्याला तिचा दरवाजा उघडा नव्हता. साचेवाल्याच्या वाट्याला आल्या त्या ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी १९११ नंतर चालविलेल्या रात्रशाळा आणि वाचनालये. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र जे काम राज्याने करावयाचे, ते वर्गणीवर आणि सेवाभावावर चालले होते, हेही तितकेच खरे.

आता शहराची वाट पाहू. १८९६ साली प्लेग आला आणि दाट वस्तीची भीती सत्ताधाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचली. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि चाळीही बांधल्या. रस्त्यासाठी ज्याचे घर पडले तो मात्र बहुधा शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहावयास गेला. त्यानंतर १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. त्यासाठी कर्ज काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविला. म्हणजे ज्या कापसावर गिरण्या चालत, त्याच कापसाने कामगाराच्या डोक्यावर छप्पर घालावे अशी ही योजना होती. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, सोळा हजारांवर खोल्या झाल्या आणि काम थांबले. भाडे परवडेना म्हणून सुरुवातीस कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. तरीही आम्ही म्हणू की सरकारी पैशाने गिरणी कामगाराला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे या बी.डी.डी. चाळीच. त्या पडल्या नाहीत, विकल्या गेल्या नाहीत, आणि चार पिढ्या त्यांत नांदल्या. चाळीच्या खोलीला नंबर होता आणि तिच्या भाडेपावतीवर कामगाराचे नाव होते. कागदावर जे नाव चढते ते पुढे हक्क मागू शकते. आज या चाळींचा पुनर्विकास होताना भाडेकरू ताठ मानेने घर मागतो, तो त्या पावतीच्या बळावर.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही वाटांवर पैसा वाहू लागला. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आय.टी.आय. निघू लागल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण सारे ज्याला एम.आय.डी.सी. म्हणतो ते, स्थापन झाले. १९६६ साली सिकॉम आले. कारखान्यांनी मुंबई-पुण्याची गर्दी सोडून जिल्ह्यांत जावे म्हणून १९६४ पासून सवलतींची सामुदायिक योजना सुरू झाली. ह्या धोरणाने महाराष्ट्राचे पुष्कळ भले केले. आपल्या गावोगावच्या औद्योगिक वसाहती त्यातूनच आल्या. तथापि सवलत मोजावयाची पद्धत पाहा. ती प्रामुख्याने कारखान्यात घातलेल्या स्थिर भांडवलाच्या प्रमाणात मोजली जाऊ लागली. जमीन किती, इमारत किती, यंत्र किती. माणसे किती घडविली, त्यांना काय शिकविले, हे सवलतीच्या हिशेबात दुय्यम राहिले.

मुंबईत याच सुमारास जुन्या गिरण्या आजारी पडू लागल्या. यंत्रे जुनी, नफा इतरत्र गुंतविलेला. राज्याने १९६६ साली वस्त्रोद्योग महामंडळ काढले आणि केंद्राने १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढले. १९७४ साली कायद्याने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८३ साली मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. रोजगार वाचावा हा त्यामागचा हेतू होता आणि काही वर्षे तो वाचलाही. याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु मालक स्वतः सरकार असतानाही कामगाराच्या हातातले कसब कागदावर आणावे, त्याला नव्या यंत्रावर बसवावे, हे मोठ्या प्रमाणावर झाले नाही. तिजोरीचा पैसा तोटा भरून काढण्यात गेला.

येथे स्त्रियांचे उदाहरण घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती त्यांच्याच हातावर चालत. पुढे रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाच्या लाभाचा खर्च मालकाला जड वाटू लागला, नवी यंत्रे आली, आणि पन्नास वर्षांत बायका गिरणीतून जवळजवळ नाहीशा झाल्या. बायकांसाठी केलेले कायदे चांगले होते, पण त्यांना दुसरे काम शिकविण्याची तरतूद त्यांबरोबर कोणी केली नाही. मग त्या बायकांनी काय केले? चुली मांडल्या. एकट्या राहणाऱ्या गिरणीवाल्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळी घरोघर चालू लागल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा चौदा खाणावळवाल्या बायका एकत्र आणल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना अल्प व्याजाचे कर्ज मिळवून दिले. अन्नपूर्णा महिला मंडळ ते हेच. तारण ठेवायला या बायकांपाशी ना जमीन ना दागिना. बँकेने कर्ज दिले ते त्यांच्या हातच्या स्वयंपाकावर आणि एकमेकींच्या शब्दावर. त्यांनी ते फेडले, सावकाराच्या पाशातून सुटल्या आणि संस्था वाढली. सरकारी धोरणाचा पैसा कसब ओळखून दिला तर तो बुडत नाही, याचा हा पुरावा गिरणगावातच घडला. दुर्दैव असे की गिरणीच्या आवारात त्याचा कित्ता कोणी गिरविला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संपाची मीमांसा हा आजचा विषय नव्हे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. संपानंतर सरकारने काय केले एवढेच येथे पाहू. १९८६ साली केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी काढला. गिरणी बंद पडल्यामुळे बेकार झालेल्याला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळावयाची. तीन वर्षांत माणसाने दुसरा धंदा शिकावा, अशी अपेक्षा. परंतु अट अशी की गिरणी कायमची आणि रीतसर बंद झालेली असली पाहिजे. कित्येक गिरण्या तर नुसत्याच थांबल्या होत्या. भोंगा वाजत नाही, फाटकाला कुलूप आहे, वीज तोडली आहे, पण कागदोपत्री गिरणी बंद नाही! अशा गिरणीचा कामगार कागदाच्या दृष्टीने बेकारच नव्हता. त्याला ७५ टक्के नाहीत आणि २५ टक्केही नाहीत.

पुढे १९९२ साली नॅशनल रिन्यूअल फंड आला. आर्थिक धोरण बदलल्यामुळे ज्यांचे काम जाईल त्यांना नवे शिक्षण द्यावे, नव्या कामावर बसवावे आणि नुकसानभरपाई द्यावी, असे त्याचे तिहेरी उद्दिष्ट होते. उद्दिष्ट वाचून कोणीही मान डोलवावी. पण पैशातला मोठा वाटा सार्वजनिक क्षेत्रातल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला आणि शिक्षण मागे पडले. याचे कारण कोणाची दुष्टता नव्हे. स्वेच्छानिवृत्तीचा आकडा काढणे सोपे असते: नोकरीची वर्षे गुणिले पगार. शिक्षणाचा आकडा काढायचा तर आधी त्या माणसाला काय येते हे माहीत असावे लागते, आणि तीच माहिती कोणापाशी नव्हती.

गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या तडजोडींना बसत आलो आहोत. दर वेळी समोरून एक तक्ता येतो. नाव, तिकीट नंबर, खाते, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा पगार, देय रक्कम. असे सहा रकाने असतात. या माणसाला काय येते, हा सातवा रकाना आम्ही आजवर एकाही तक्त्यात पाहिलेला नाही. यंत्राची किंमत भंगाराच्या भावाने का होईना, लावलेली असते. जमिनीला सिटी सर्व्हे नंबर असतो. तीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावापुढे मात्र 'कामगार' एवढाच शब्द असतो. मग असा माणूस कापड बाजूला ठेवून एखाद्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार झाला, तर नवल कसले?

आता जमिनीकडे वळू, कारण गिरणगावात अखेर सर्व पैसा जमिनीपाशी येऊन थांबला. मुंबईच्या गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे करावेत. एक महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला विकासासाठी. आणि विक्रीचा पैसा निराळ्या खात्यात ठेवून त्यातून कामगारांची देणी द्यावीत, असा त्याचा आशय होता. कागदावर हा नियम न्याय्य होता. १९९६ साली वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनी एकत्र विचारात घेऊन मोकळ्या जागा व घरे यांचा आराखडाही दिला. तो कपाटात राहिला. २००१ साली नियमात बदल झाला आणि तीन वाटे करावयाचे ते सगळ्या जमिनीचे नव्हे, तर मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीचे, असे ठरले. शेडखालची जमीन वाटणीतून निसटली. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीचे ७०२ कोटी रुपये आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम व ती विक्री कायम केली.

याच नियमावलीत आणखी एक तरतूद होती. गिरणीच्या जागी जे नवे व्यवसाय येतील त्यांत गिरणी कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबातल्या एकाला कामासाठी प्राधान्य मिळावे. मात्र त्या कामाची पात्रता व कसब त्याच्यापाशी असावे. श्रोतेहो, या एका वाक्यात गिरणगावची सारी शोकांतिका आहे. कसब असेल तर काम. आणि कसब आहे हे सांगणारा कागद शंभर वर्षांत कोणी दिलेला नाही. हक्क दिला आणि त्याची किल्ली दिली नाही.

कामगारांनी एक गोष्ट मात्र लढून मिळविली, ती घरे. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २०२० च्या मार्चमध्ये आणखी ३,८९४ घरांची निघाली. अर्ज करणारे दीड लाखाच्या घरात होते. संख्या अपुरी आहे, पण तत्त्व महत्त्वाचे आहे. ही घरे ज्या नोंदींवर मिळाली त्या नोंदी म्हणजे जुनी तिकिटे, हजेरीपत्रके आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे. कित्येक विधवांनी नवऱ्याचे तिकीट ट्रंकेत जपून ठेवले होते. त्या चिठोऱ्याने घर दिले. कसबाचे असेच एखादे चिठोरे असते तर कदाचित कामही मिळाले असते.

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले, गिरण्या गेल्या, कामगार म्हातारे झाले. हे खरे आहे. पण हाच इतिहास दुसऱ्या गावांत पुन्हा लिहिला जात आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर येथे यंत्रमाग आहेत. १९९९ साली केंद्राने तंत्रज्ञान सुधारणा निधी काढला आणि नव्या यंत्राच्या कर्जावरील व्याजाचा पाच टक्क्यांचा भार उचलला. नवे माग आले, कापडाचा दर्जा सुधारला. हे चांगले झाले. पण एक नवा माग कित्येक जुन्या मागांचे काम करतो, तेव्हा जुन्या मागाशेजारच्या माणसाचे पुढे काय, याचे उत्तर त्या निधीच्या कागदांत शोधावे लागते. पुन्हा यंत्राला नोंद, माणसाला नाही.

एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत, काम करता करता जे कसब माणूस शिकला त्याची परीक्षा घेऊन त्याला दाखला देण्याची सोय झाली आहे. शाळेत न जाता शिकलेल्या कसबालाही कागद मिळू शकतो, हे तत्त्व राज्याने मान्य केले. आम्हांस त्याचे मोल मोठे वाटते. मात्र नुसता दाखला भिंतीवर टांगून पोट भरत नाही. तो दाखला कारखान्याच्या हजेरीपत्रकात शिरला पाहिजे आणि त्यावर पगाराची श्रेणी ठरली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जो कारखाना सरकारकडून स्वस्त जमीन, करात सूट किंवा व्याजात सवलत घेतो, त्याने आपल्या प्रत्येक कामगाराच्या नावापुढे सातवा रकाना भरावा. कंत्राटी माणसाच्या नावापुढेही भरावा, कारण आज अर्धे काम त्याच्याच हातून होते. शिक्षणाचा पैसा यंत्र थांबल्यावर नव्हे, यंत्र चालू असताना खर्च व्हावा. चाळिशीतला माणूस पगार हाती असताना शिकतो. घरी चूल विझल्यावर तो वर्गात बसू शकत नाही. आणि जुनी वस्ती नव्याने बांधायची असेल तेव्हा तेथील खाणावळवाली, शिंपी, फिटर, वायरमन यांच्या धंद्याची जागा आराखड्यात आधी दाखवावी, मग दुकानांच्या काचा मोजाव्यात.

मालकवर्गातले काही मित्र आम्हांस विचारतात की अशाने कामगाराचा भाव वाढणार नाही का? वाढेल. पण जो माल नोंदीत आहे तोच बाजारात टिकतो, हे व्यापाऱ्याला आम्ही सांगावे असे नाही. कसबी माणूस ओळखता न आल्यामुळे कारखान्याचेही नुकसान होते. ते फक्त ताळेबंदात दिसत नाही.

येत्या काळात तुमच्या गावातही एखादा प्रकल्प येईल, जुन्या बाजारपेठेच्या सुशोभनासाठी निधी येईल, मांडव पडेल आणि कोटींचे आकडे वाचून दाखविले जातील. तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण त्याच मांडवात कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे की या पैशातून किती माणसे काय शिकणार आणि ते कोणत्या वहीत लिहिले जाणार. ती वही पाहावयास मागण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि साखरेच्या पुडीवर कर भरणारी मोलकरीणही त्यातच आली.